उन्हाची वीज आणि रिक्षावाला

"रात्री चार्ज करा, वीज स्वस्त पडते" हा सल्ला अजूनही दिला जातो. मंडळी, आपल्याकडे गणित उलटले आहे. सौर वीज भरपूर मिळते ती दुपारी. सूर्य मावळून घरोघरी दिवे-पंखे लागले की बहुतांशी कोळसाच जाळावा लागतो. म्हणून केंद्र सरकारने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक चार्जिंग केंद्रांच्या विजेला सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दर सांगितला, एरवी १.३ पट. खर्च १० रुपये धरला, तर दिवसा ७, एरवी १३.

विचार रास्त आहे. पण दिवसा गाडी उभी कुणाची असते? ज्याच्या कचेरीत पार्किंग आणि चार्जर आहे त्याची. चाळीत प्लगची सोय नसलेला रिक्षावाला त्या वेळी भाडी मारत असतो. त्याने धंदा बुडवून रांगेत थांबायचे? ज्या गावची एस.टी. दुपारी येते तिथल्या मुलांचा पेपर सकाळी ठेवायचा आणि वर "वेळेत या, गुण वाढवून देऊ" म्हणायचे, तसे झाले हे!

दरपत्रक काढणे सोपे हो, खांब रोवायला पैसे लागतात. रेल्वे स्टेशनबाहेर दुचाक्या दिवसभर उन्हात तापत उभ्या असतात. तिथे प्लग द्या. रिक्षांसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रे वाढवा. बॅटरी दुपारी केंद्रात चार्ज होईल, रिक्षा रस्त्यावर राहील. तोवर निदान रिक्षा-टेम्पोंना रात्रीचा १३ चा भुर्दंड लावू नका.