‘निधी नाही’ म्हणणाऱ्यांची जीभ झडत कशी नाही?

मुलींच्या फुटबॉलसाठी काही मागायला गेले की सरकारी टेबलापलीकडून एकच उत्तर येते : निधी नाही. चेंडूला नाही, प्रशिक्षकाला नाही, कपडे बदलायच्या खोलीला तर नाहीच नाही. ही जपमाळ वर्षानुवर्षे ऐकून आम्हीही समजत होतो की क्रीडा खाते बिचारे खरेच कंगाल असेल. डिसेंबर 2024 मध्ये या कंगालपणाचे पितळ उघडे पडले. छत्रपती संभाजीनगरातील गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये लंपास झाल्याचे उघडकीस आले. पोलिसांतील तक्रारीनुसार हा प्रकार 1 जुलै ते 7 डिसेंबर असा पाच महिने बिनबोभाट चालला. संशयित कोण, तर महिना 13 हजारांवर राबणारा कंत्राटी संगणक चालक! बँकेला संकुलाच्या लेटरहेडवर एक बनावट पत्र गेले, ई-मेल बदलला, नेट बँकिंग सुरू झाले आणि पैशाला पाय फुटले. त्यातून बीएमडब्ल्यू गाडी आली, विमानतळासमोर फ्लॅट आला, हिरेजडित चष्मासुद्धा आला.

त्या माणसाचे काय करायचे ते न्यायालय पाहील. आमचा जाब वेगळ्यांना आहे. पाच महिने या खात्याचे विवरण उघडून पाहावे असे एकाही साहेबाला वाटले नाही? घरातून पाचशेची नोट गेली तर बाई कपाट पालथे घालते. इथे साडेएकवीस कोटी गेले तरी साहेबांची दुपारची डुलकी मोडली नाही. ज्यांना एवढे पैसे असल्याची जाणीव नव्हती आणि गेल्याचाही पत्ता नव्हता, त्यांनी आमच्या पोरींना कोणत्या तोंडाने सांगितले की निधी नाही?

फुटबॉलपटू बाईची कारकीर्द म्हणजे काय असते, हे या साहेबांना ठाऊक नसावे. ऐका. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात वाढलेली एमा बर्न ही गोलरक्षक देशासाठी 134 सामने खेळली. लंडनच्या आर्सेनल क्लबचे गोल तिने दीड दशक राखले आणि 2007 मध्ये युरोपचे क्लब विजेतेपद पटकावले. अशा खेळाडूच्या राष्ट्रीय संघाची दशा काय होती? ट्रॅकसूट लहान वयोगटातल्या संघांबरोबर वाटून घ्यायचे, विमानतळावर उतरले की शौचालयात शिरून ते बदलायचे आणि परत करायचे. देशासाठी खेळताना नोकरीवरचा रोज बुडाला तर भरपाई नाही. एप्रिल 2017 मध्ये कर्णधार एमा आणि तिच्या सहकाऱ्या डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये, म्हणजे कामगार चळवळीच्या बालेकिल्ल्यात जाऊन बसल्या आणि त्यांनी देशाच्या फुटबॉल संघटनेला पत्रकारांसमोर ठणकावले : हे थांबवा, नाहीतर स्लोव्हाकियाविरुद्धचा सामना विसरा. दोन-तीन दिवसांत संघटना नमली. ऑगस्ट 2021 मध्ये तिथे पुरुष आणि महिला संघांचे सामना-मानधन समान झाले. जुलै 2023 मध्ये आयर्लंडच्या मुली पहिल्यांदा विश्वचषकात उतरल्या, तेव्हा सिडनीच्या स्टेडियममध्ये 75 हजारांहून अधिक माणसे होती. एमा त्या संघात नव्हती. लढ्याच्या वर्षीच ती निवृत्त झाली होती. विश्वचषक तिच्या वाट्याला आलाच नाही.

त्या देशाची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 51 लाख. एकट्या मराठवाड्याची 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 87 लाख. म्हणजे इथे जन्माला येणाऱ्या पोरींमध्ये एमा नसतात, हे कुणी आम्हाला सांगू नये.

आपल्याकडे काय घडले? 1983 पर्यंत भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या होत्या. तिथून पुढे जाण्याऐवजी आपण असा पराक्रम केला की दीड वर्ष एकही सामना न खेळवल्यामुळे 2009 मध्ये भारताचे नाव फिफाच्या क्रमवारीतूनच गळाले. जानेवारी 2022 मध्ये आशियाई स्पर्धा आपल्याच राज्यात, मुंबई-पुण्यात भरली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी बरोबरी झाली आणि तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध उतरवायला 13 धडधाकट खेळाडूही उरल्या नाहीत. हॉटेलच्या बंदिस्त सुरक्षेत कोरोना शिरला होता. यजमान संघच स्पर्धेतून बाद! कोणाची खुर्ची गेली? कोणाचीच नाही. त्याच पोरींनी 5 जुलै 2025 रोजी चियांग माईला जाऊन थायलंडला 2-1 असे हरवले आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धा गाठली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या रात्री अभिनंदनाचे संदेश टाकणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जणांना संघातली दुसरी दोन नावे सांगता आली असती?

आता आपल्या अंगणात, छत्रपती संभाजीनगरात या. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. कित्येक दिवसांनी येते, आणि येते तेव्हा घरातल्या पोरीने हंडे-पिंपे भरायला थांबायचे असते. म्हणजे पाण्याची पाळी आली की सराव बुडाला. भाऊ मात्र आमखास मैदानावर! ही गोष्ट कोणत्याही क्रीडा धोरणात लिहिलेली सापडणार नाही, पण कारकीर्द तिथेच खुडली जाते. क्रीडा विद्यापीठाचे गाजर दाखवून शहराजवळच्या करोडीला जागा पाहिली गेली आणि 2020 मध्ये विद्यापीठ पुण्याच्या बालेवाडीला गेले. मराठवाड्याला अशा वराती पाहायची सवय आहे. तेव्हा आपले पुढारी काय करत होते? निवेदने देत होते, फोटो काढत होते.

धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार झाल्या. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी सांगितले की जवळपास दहा वर्षे त्या दिवसातून एकदाच जेवत होत्या. एक वेळ! आणि आम्ही त्याला जिद्द म्हणून टाळ्या वाजवल्या. खेळाडूची उपासमार हा कौतुकाचा विषय करून टाकला की क्रीडा खात्याचे फावते.

हिशेब मांडायचाच तर मांडू. भारतीय महिला लीगमधल्या खेळाडूचा किमान वार्षिक करार फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये 3 लाख 20 हजार रुपये ठरवला. गारखेड्यातून गेलेल्या पैशांना या आकड्याने भागा : 674 खेळाडूंचे वर्षभराचे मानधन! नवख्या पोरींना दोन वेळचे दूध-अंडी आणि बरे बूट द्यायचे तर त्यात किती हजार पोरी बसल्या असत्या, ते ज्यांनी खात्याकडे पाहिले नाही त्यांनीच सांगावे. तो पैसा इमारतीचा होता, मानधनाचा नव्हता, हा खुलासा येईलच. पैसा चुकीच्या खिशात गेला तेव्हा लेखाशीर्षाची अट कुठे आडवी आली?

तेव्हा संकुल समितीने आता जाहीर करावे : लंपास झालेल्या पैशांतले किती रुपये परत मिळाले, जप्त गाड्या-फ्लॅट विकून किती येतील, आणि ज्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली हे घडले त्यांच्यापैकी कोणाच्या पगाराला कात्री लागली. परत आलेल्या पहिल्या रकमेतून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मुलींच्या फुटबॉलसाठी एकेक पगारी महिला प्रशिक्षक नेमावी आणि मैदानाला लागून पाणी व कडी असलेली खोली बांधावी. हे जमत नसेल तर तसे लेखी द्या, सहीनिशी. आणि या वेळी लेटरहेड कुलपात ठेवा.