शून्य तक्रारी म्हणजे सुरक्षित लस नव्हे

"दुष्परिणामांची चर्चा केली की लोक घाबरतात," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, अगदी डॉक्टरांच्या तोंडूनही. गरीब देशांबाबत त्याला आणखी एक जोड मिळते: आधी लसी पोहोचू द्या, देखरेखीचं नंतर पाहू. माझ्या मते ही दोन्ही मतं घातक आहेत.

सामोआचं उदाहरण घ्या. प्रशांत महासागरातल्या सुमारे २ लाख वस्तीच्या या देशात जुलै २०१८ मध्ये एमएमआर लस दिल्यानंतर दोन बाळं दगावली. ही लस पावडरच्या रूपात येते आणि टोचण्याआधी निर्जंतुक पाण्यात मिसळतात. तिथे पाण्याऐवजी भूल देताना वापरायचं, स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. म्हणजे दोष लसीचा नव्हता, ती देण्यातल्या चुकीचा होता. तरीही लसीकरण कित्येक महिने थांबलं आणि लोकांचा विश्वास उडाला. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली. त्यात ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. अशा वेळी तातडीने तपास होऊन कारण लोकांना स्पष्ट सांगणं हेच देखरेख यंत्रणेचं काम असतं.

आता अमेरिका पाहा. १९९८ मध्ये तिथे रोटाव्हायरसची पहिली लस आली. काही बाळांच्या आतड्यात आतडं अडकल्याच्या मोजक्या नोंदी आल्या, तपास झाला आणि १९९९ मध्येच लस मागे घेतली गेली. त्यामुळे लसीकरण बुडालं का? नाही. पुढच्या दोन लसी प्रत्येकी ६० हजारांहून जास्त बाळांवर तपासूनच बाजारात आल्या.

"पण एवढा पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न रास्त आहे. मात्र सुरुवातीला लागतं ते थोडकंच: नोंदीचा साधा फॉर्म, तो भरणाऱ्याला शिक्षेची भीती नसणं, आणि लस न घेतलेल्या बाळांमध्येही तेच आजार किती होतात याची आकडेवारी. ही आकडेवारी नसेल, तर लसीनंतर योगायोगाने झालेला मृत्यू आणि लसीमुळे झालेला मृत्यू वेगळे कसे ओळखणार?

जागतिक आरोग्य संघटनेने वापरलेला एक किमान निकष होता, दर १ लाख बाळांमागे वर्षाला १० नोंदी. ज्या जिल्ह्यातून वर्षभर एकही नोंद येत नाही, तिथे लस विशेष सुरक्षित असते असं नाही. तिथे कुणी बघतच नसतं.

म्हणून, पालकहो, लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. नंतर काही वेगळं वाटलं तर आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगा आणि नोंद झाली का, हे विचारा. आणि डॉक्टर मित्रांनो, "ताप काय, येतोच" म्हणून गंभीर तक्रार झटकू नका. लपवलेली एक घटना अफवेच्या हाती पडली, की हजार खुलासे कमी पडतात.