रानवेलीचे ऋण

द्राक्षाच्या बाबतीत युरोपने अमेरिकेकडून प्रथम रोग घेतला आणि मागाहून उपायही तेथूनच आणला. एकोणिसाव्या शतकात भुरी, केवडा आणि मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही कीड अशा तिन्ही आपत्ती अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचल्या. त्यांच्या सहवासात वाढलेल्या अमेरिकी रानवेलींनी प्रतिकाराची शक्ती कमावली होती. म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच कलमे बांधून बागा वाचविण्यात आल्या. मूळ सुरक्षित झाले, पान मात्र उघडेच राहिले. तेव्हा सुरू झालेल्या फवारण्या आजतागायत थांबलेल्या नाहीत.

पानालाही कवच लाभावे यासाठी आता रानवेलींच्या जनुकसंचाचे वाचन चालू आहे. लागवडीच्या द्राक्षाचा जनुकसंच २००७ साली उलगडला. २०२३ साली उत्तर अमेरिकेतील नऊ रानजातींचे जनुकसंच एकत्र मांडण्यात आले. प्रतिकाराचे जनुक नेमके कोठे आहे हे कळले, की संकरातून उगवलेल्या असंख्य रोपांतून हवे ते रोप कोवळेपणीच निवडता येते. हा लाभ मोठा आहे. परंतु जनुकांची यादी हाती आली, आता रानाची गरज उरली नाही, असा समज कोणी करून घेऊ नये.

पिअर्स या जिवाणूजन्य रोगावर खात्रीचा उपचार नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे अँड्र्यू वॉकर यांनी २०१९ साली त्याला दाद न देणारे पाच वाण दिले. त्यांना ही शक्ती मिळाली ती हॅरोल्ड ओल्मो यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मेक्सिकोतून आणलेल्या एका रानवेलीपासून. ती वेल कोणी जपलीच नसती, तर वाचायचे काय होते? शिवाय एकाच जनुकावर विसंबलेले कवच बुरशी कालांतराने भेदते, असा युरोपचा अनुभव आहे. म्हणजे नव्या जनुकांसाठी रानाकडे पुन्हा पुन्हा जावेच लागणार.

नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला हा प्रश्न परका नाही. त्याचा डॉगरिज खुंट अमेरिकी रानवेलीच्याच वंशातला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशाच्या कटॉबाशी संकर करून बुरशीला तोंड देणारा वाणही सिद्ध केला आहे. अशा कामाला दशके लागतात. ती दोन-तीन वर्षांच्या अनुदानाच्या हप्त्यांत बसत नाहीत. शासनाने संकराच्या संशोधनाला आणि वेलींच्या संग्रहांना दीर्घ मुदतीचे पाठबळ दिले पाहिजे. नक्कल उतरवून झाली म्हणून मूळ पोथी कोणी वाळवीच्या स्वाधीन करीत नाही.