कोण कुणाच्या पैशावर जगतो?



मजुरी वाढवा असं आपण म्हटलं की तालुक्याचे पुढारी एकच ऐकवतात. "रोजगार हमीचा पैसा आभाळातून पडत नाही. शहरातले लोक कर भरतात, त्यावर तुमची चूल पेटते." सभेत आपली माणसं हे ऐकून मान खाली घालतात. आम्ही सांगतो, मान खाली घालायचं काही कारण नाय. हिशेब करू.

रोजगार हमीसाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापतात, हे खरं. त्या नोकरदाराशी आपलं भांडण नाही, तोही पगारावरच जगतो. पण कर तो एकटाच भरतो, हे खोटं. आपण काडेपेटी घेतो, साबण घेतो, चहाला साखर घेतो. २०१७ पर्यंत माल कारखान्यातून निघतानाच सरकार त्यावर कर घ्यायचं. कारखानदार तो किमतीत घालायचा, दुकानदार आपल्याकडून काढायचा. पावती मिळत नाही म्हणून कर भरला नाही असं होत नाही. शेठच्या घरची काडेपेटी आणि आपल्या पाड्यावरची काडेपेटी, दोन्हींवर कर सारखाच. एक मिठावरचा तेवढा १९४७ साली गेला.

आता इन्कम टॅक्स बघा. १९८५ च्या बजेटात वर्षाला १८,००० रुपयांपर्यंत कमावणाऱ्याला तो माफ झाला. तेव्हा आपल्याला रोज १० रुपये मिळाले, ३६५ दिवस एकही खाडा न होता काम मिळालं, तरी व्हायचे ३,६५०. आणि तेवढे तरी हातात कुठं पडायचे? चौकडी मोजताना माप मारायचे, मस्टर वेळेवर निघायचं नाही, पगाराला हेलपाटे.

त्याच मार्चच्या बजेटात तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी सर्वात श्रीमंतांचा इन्कम टॅक्स शेकडा ६१ च्या वर होता तो ५० वर आणला. संपत्तीवरचा कर उतरवला. बाप मोठी इस्टेट ठेवून मेला तर वारसाला इस्टेट ड्युटी भरावी लागायची, ती काढूनच टाकली. तेव्हा एकाही पुढाऱ्याने विचारलं नाही, की हा पैसा आभाळातून पडणार का?

आणि आपला बाप मेला तर? आज्याने काढलेला प्लॉट नांगरायला पोरगा गेला की तो अतिक्रमणवाला ठरायचा. दंड भरायचा, वर गार्डला कोंबडी द्यायची. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायची असं सरकारनेच त्या वर्षी ठरवलं. १९८५ पर्यंत सात वर्षं झाली. प्लॉट नावावर नव्हता, दंड मात्र चालू होता. बंगल्याचा वारस करातून सुटला, प्लॉटचा वारस गुन्हेगार ठरला. मग सांगा, सवलत कुणाला आणि वसुली कुणाकडून?

रोजगार हमी भीक नाही. तो कायदा आहे, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

म्हणून पाड्यापाड्यावर बैठक घ्या. कामाची मागणी तोंडी करू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका. जमीन आपण कसत होतो याचा तो सरकारी पुरावा आहे. आणि पुढारी पुन्हा विचारेल, कुणाच्या पैशावर जगता, तेव्हा खिशातली काडेपेटी काढून त्याच्यासमोर धरा.