मौनं संमतिलक्षणम्?

भाऊबीज झाली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. आणि तुळशीचे लग्न लागले, की मुली पाहण्याचे कार्यक्रम सुरू होतात. असल्या कार्यक्रमांना वडीलधारा म्हणून मी आजवर किती घरी जाऊन पोह्यांच्या बशा रिकाम्या केल्या असतील, त्याची गणती नाही. शेवटी कोणीतरी म्हणतो, “अहो, एकदा मुलीलाही विचारा!” मुलगी मान खाली घालते. पदराच्या टोकाशी चाळा करते. मग आमच्यातलाच एखादा संस्कृतज्ञ मांडीवर थाप मारून म्हणतो, “मौनं संमतिलक्षणम्!” सगळे हसतात. पेढे वाटले जातात.

त्या मुलीला ‘नाही’ म्हणता आले असते का, हा प्रश्न मात्र मी कोणालाही विचारताना ऐकले नाही. बाप समोर, मामा समोर, खर्चाचा हिशेब झालेला. अशा खोलीत तिने तोंड उघडलेच असते, तर तिच्या बाजूने कोण उभे राहिले असते? माझ्या मते या दोन शब्दांच्या वचनाइतके नुकसान दुसऱ्या कुठल्याही वचनाने आपल्या समाजाचे केलेले नाही. ते पोह्यांच्या बशीपाशी थांबत नाही. ते पोलीस ठाण्यात जाते, कचेरीत जाते, शाळेत जाते, आणि एकदा तर ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले.

सणाच्या अंकात हा कडू विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे एवढेच सांगणे, की दिवाळीचा पहिला दिवा ज्या नरकासुराच्या वधासाठी लागतो, तो कोण होता? सोळा सहस्र स्त्रियांना डांबून ठेवणारा एक सत्ताधारीच ना! कृष्णाने त्या बंदीखान्याचे दार उघडले तेव्हा “बायांनो, तुम्ही आरडाओरड का केली नाही?” असे एकीलाही विचारल्याचे मी कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही. तो प्रश्न आपण शोधून काढला आहे. आणि तो जिथे अगदी अधिकृतपणे विचारला गेला, ते ठिकाण माझ्या घरापासून फार दूर नाही.

आमच्या लाखांदूर तालुक्याची शीव ओलांडली, की देसाईगंज लागते. त्यालाच वडसा म्हणतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे; १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते. झाडीपट्टीतल्या माणसाला वडसा म्हटले, की नाटके आठवतात. नाटक मंडळींच्या कचेऱ्या तिथे, आणि मंडईच्या हंगामात ट्रकांतून पडदे निघतात तेही तिथून. मीही रात्र रात्र जागून ती नाटके पाहिली आहेत. परंतु वडशाच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडले, त्याला पडदा नव्हता.

एक आदिवासी मुलगी होती. आईबाप नाहीत, भावाजवळ राहणारी, मोलमजुरी करणारी. वय, डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे, चौदा ते सोळा. ज्या बाईकडे ती कामाला जाई, तिच्या नात्यातल्या एका मुलाशी तिचे सूत जुळले. भावाने चिडून, बहिणीला पळवून नेल्याची तक्रार ठाण्यात दिली. सर्वांना बोलावणे आले, जबान्या झाल्या. रात्रीचे साडेदहा वाजून गेले. सारे निघाले, तेव्हा एका शिपायाने मुलीला मागे थांबायला सांगितले आणि इतरांना बाहेर काढले. दार बंद झाले. आतला दिवा मालवला. तिच्या मालकिणीने मागल्या बाजूला जाऊन हाका मारल्या. उत्तर आले नाही. गर्दी जमली. काही वेळाने मुलगी बाहेर आली आणि एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला, दुसऱ्या, दारू प्यालेल्या जमादारानेही अंगाला हात घातला, असे तिने सर्वांदेखत सांगितले.

भाऊबीजेच्या तोंडावर मला त्या भावाचे फार वाटते. बहीण परत मिळावी म्हणून तो ज्या दारी गेला, तेच दार तिच्यामागे बंद झाले, आणि तो बाहेर उभा होता.

या मुलीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कायद्याच्या पुस्तकात हा खटला आरोपीच्या नावाने आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो त्या मुलीच्याच नावाने राहिला. यातच आपले बरेचसे चारित्र्य आले.

आता न्यायालयांचे ऐका. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोघांनाही सोडून दिले. मुलीला पुरुषाचा संग पूर्वीपासून ठाऊक होता. ती खोटारडी आहे. जे झाले ते संमतीने झाले आणि आपल्या मित्रासमोर सोवळे दिसावे म्हणून तिने बलात्काराची गोष्ट रचली, असा त्यांच्या निकालाचा आशय. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने हतबल होऊन शरीर स्वाधीन करणे निराळे आणि इच्छेने होकार देणे निराळे, हे त्या न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितले. पोलीस ठाणे, रात्र, दोन अनोळखी वर्दीवाले, आणि त्यांच्याच हाती जिच्या तक्रारीचा निकाल आहे अशी पोर. तिची कसली आली संमती! शिपायाला पाच वर्षांची सजा झाली. जमादाराला विनयभंगाबद्दल एक वर्षाची.

पुढे १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. कारण काय? मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती. तिने भावाला हाक मारली नाही. म्हणून झटापटीची हकीकत खोटी, आणि झाला प्रकार हा शांततेत पार पडलेला प्रकार! मौनं संमतिलक्षणम्, दुसरे काय?

मला हे वाचताना वडशाची नाटके आठवतात. नाटकात खलनायक मिशीवर ताव देत येतो, नायिका “वाचवा, वाचवा” ओरडते, बांगड्या फुटतात, आणि विंगेतून नायक उडी मारतो. त्या विद्वान न्यायमूर्तींनी झाडीपट्टीचे नाटक कधी पाहिले असेल असे वाटत नाही. पण अपेक्षा त्यांचीही तीच होती. खऱ्या आयुष्यात सत्ताधारी मिशीवर ताव देत नाही. तो खुर्चीवर बसून, हलक्या आवाजात, “तू जरा थांब” एवढेच म्हणतो. ज्याच्या हाती वर्दी आहे, पगारपत्रक आहे, परीक्षेचे गुण आहेत, त्याला हात उगारावा लागत नाही. बळजबरीची खूण दिसत नाही, ती याचसाठी, की तिथे बळ अगोदरच पुरेपूर भरलेले असते.

याविरुद्ध उठले ते प्रथम चार शिक्षक. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाने पाहिला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. जानेवारी १९८० मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. ८ मार्चला शहरोशहरी स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने ठरले, की पोलीस कोठडीसारख्या ताब्यातल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. शाबिती आरोपीने द्यायची. तिचे नाव छापणे हाही गुन्हा ठरला. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात आली: स्पष्ट, स्वेच्छेने दिलेला होकार, आणि केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते शब्द कायम आहेत. वडशाच्या त्या मजूर मुलीने साऱ्या देशाला हा कायदा मिळवून दिला. तिला स्वतःला मात्र काहीच मिळाले नाही. आणि पोह्यांच्या बशीपाशी गृहीत धरलेली ती ‘संमती’? सज्ञान पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला या कलमातून अद्याप सूट आहे, एवढे नमूद करून ठेवतो.

परंतु पुस्तकातला कायदा बदलला म्हणून ओसरीवरची जीभ बदलत नाही. २०१८ साली अनेक शिकल्यासवरल्या स्त्रिया आपापल्या साहेबांविषयी बोलू लागल्या. केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी आरोप नाकारले, पण त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवले, आणि कितीही वर्षांनी, अगदी काही दशकांनीही, स्त्रीला आपली तक्रार मांडण्याचा हक्क आहे, असे म्हटले. त्या वर्षी आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर एकच प्रश्न गाजत होता: “इतकी वर्षे गप्प का होत्या?” म्हणजे १९७८ चाच प्रश्न, नव्या कपात ओतलेला!

मी हसून दुसऱ्यांकडे बोट दाखवतो आहे असे समजू नका. तो प्रश्न मीही विचारलेला आहे.

मी शाळामास्तर होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक शिपाईबाई होती. विधवा, पदरी दोन मुले. एके दिवशी मधल्या सुटीत ती माझ्याकडे आली. वर्गात कोणी नव्हते. संस्थेचे एक वजनदार गृहस्थ कामाच्या निमित्ताने तिला घरी बोलावत आणि तिथे काय होत असे, ते तिने खाली पाहत मला सांगितले. मी शाळेत वयाने मोठा, शब्दाला मान असलेला. म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी काय म्हणालो? “बाई, दार तर उघडेच होते ना? तेव्हाच ओरडायचे होते.”

ती म्हणाली, “वरडली असती तं नोकरी रायली असती का जी, गुरुजी?”

मी उत्तर दिले नाही. घंटा झाली, याचे मला बरे वाटले. माझीही बढती त्याच गृहस्थांच्या सहीवर अडकली होती, हे आज लिहायला हरकत नाही. दोन महिन्यांनी तिने काम सोडले. पुढे नागपूर खंडपीठाच्या निकालाची हकीकत माझ्या वाचनात आली, तेव्हा तिचे वाक्य मला आठवले. जे न्यायमूर्तींना सांगायला निकालपत्र लागले, ते तिने एका वाक्यात सांगितले होते. आणि माझे स्वतःचे मौन? ते मात्र खरोखरच संमतीचे लक्षण होते. गप्प राहून मी त्या गृहस्थांना संमती दिली होती. ज्याला बोलणे शक्य असते, त्याच्याच मौनाला संमती म्हणावे. जिला शक्य नसते, तिच्या मौनाला नव्हे.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो मी झटकून टाकणार नाही. “खोटे आरोप होत नाहीत काय? भल्या माणसाचा संसार उद्ध्वस्त होतो त्याचे काय?” होतात, चोरीचेही खोटे आरोप होतात. म्हणून चोरीची फिर्याद देणाऱ्याला आपण “आधी तुझे चारित्र्य सांग” असे म्हणत नाही. शाबीत होईतो कोणालाही गुन्हेगार ठरवू नये, हे मला मान्य आहे. मी फाशी मागत नाही, चौकशी मागतो. बाईचे ऐकून घेतल्याने पुरुष दोषी ठरत नाही. पण ऐकूनच घेतले नाही, तर ती मात्र खोटी ठरते, तीही विनाचौकशी. निर्दोषपणाचा फायदा आपण एकालाच देतो, आणि तो बहुधा मोठ्या वाड्यात राहत असतो.

आज निदान जायला जागा आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. जिथे दहा कामगार आहेत तिथे अंतर्गत समिती हवी. जिथे तेवढे नाहीत त्यांच्यासाठी, आणि घरकाम करणाऱ्या बाईसाठीही, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. धानाच्या गिरणीत, विडीच्या कारखान्यात, आपल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या किती बायांना हे ठाऊक आहे? फराळाचे ताट देताना त्यांना एवढे सांगितले, तर चकलीची चव बिघडणार नाही.

यंदाही तुळशीचे लग्न लागेल आणि मला कोणाकडून तरी बोलावणे येईल. मुलगी मान खाली घालील, कोणी ते वचन म्हणेल. यंदा मी हसणार नाही. मी यजमानांना म्हणणार आहे, की आपण सारे जरा अंगणात जाऊ या. तिच्यापाशी तिची एखादी मैत्रीण बसू द्या. आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर आपण पोहे खाऊन मुकाट्याने घरी जायचे, कोणी कारण विचारायचे नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणोत. त्या शिपाईबाईच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून द्यायचे राहिले आहे.