मालक सापडत नाही, तो कोणाला?

अमेरिकेत मालमत्ता कर थकला की त्या घरावर बोजा चढतो, आणि अनेक राज्यांत तो बोजाच लिलावात विकला जातो. फ्लोरिडात व्याजाची बोली १८ टक्क्यांपासून सुरू होऊन खाली उतरते. जो कमीत कमी व्याजावर राजी होईल तो थकबाकी भरतो आणि घरमालकाचा सावकार बनतो. काही राज्ये याहूनही पुढे जाऊन थेट घराचेच खरेदीखत करून देतात.

या धंद्यात उतरणाऱ्यांना जाणकारांचा पहिला उपदेश असतो तो मालकीच्या शोधाचा. कौंटीच्या दप्तरात बसून दस्तांची साखळी मागे न्यावी; गहाणखते, न्यायालयांचे हुकूमनामे, वारसांचे हक्क तपासावेत. उपदेश योग्यच आहे. आपल्याप्रमाणे तेथेही सरकार दस्त नोंदवते, मालकीची हमी देत नाही. केंद्र सरकारचा प्राप्तिकराचा बोजा निघाल्यास ते घर सोडवून घेण्यास त्या सरकारला निदान १२० दिवस मिळतात. एखाद्या हक्कदारास योग्य नोटीस गेली नसल्यास सारी विक्रीच रद्द होऊ शकते. मालकी निर्वेध ठरवून घेणारा दावा जिंकल्याखेरीज विमा कंपन्याही असल्या घराला सहसा हात लावत नाहीत.

खरेदीदाराचे भांडवल सुरक्षित राहावे म्हणून एवढा कसून शोध! आणि ज्याचे घर जायचे, त्याचा शोध किती?

‘जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स’ हा आर्कन्सासमधील खटला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. लिटल रॉकमधील एका गृहस्थाने १९६७ साली घर घेतले. तीस वर्षे हप्ते भरले. तोवर मालमत्ता कर कर्ज देणारी कंपनीच भरत असे. १९९७ साली कर्ज फिटले आणि कर थकला. राज्याने धाडलेली नोंदणीकृत पत्रे न स्वीकारली जाता परत आली. पत्रे परत आल्याचे ठाऊक असूनही अधिकाऱ्यांनी सुमारे ८० हजार डॉलरचे घर २१ हजारांना विकले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी हे घटनाबाह्य ठरवले. या प्रकरणाचा खरा धडा मात्र निकालपत्राबाहेरचा आहे: घरावर कर्ज असेपर्यंत धनको स्वतःच्या हितासाठी कर भरतो, कारण कराचा बोजा त्याच्या गहाणाच्याही वर बसतो. म्हणजे घर धोक्यात येते ते ऋणमुक्त झाल्यावर. वृद्धांचे, विधवांचे, आणि मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचे.

मिशिगनमध्ये एका घरमालकाची मूळ बाकी होती अवघी ८ डॉलर ४१ सेंट. कौंटीने घर २४,५०० डॉलरना विकले आणि सारी रक्कम ठेवून घेतली. २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. मिनियापोलिसच्या जेराल्डिन टायलर या ९४ वर्षांच्या बाईंची बाकी व्याज-दंडासह १५ हजारांवर गेली होती. सदनिका ४० हजारांना विकून कौंटीने वरचे २५ हजारही गिळले. हे घटनाविरोधी असल्याचा निर्णय २५ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला.

पण जादा रक्कम मालकाच्या दारी आपण होऊन चालत येत नाही. मिशिगनमध्ये जप्तीनंतरच्या १ जुलैपर्यंत ठरावीक अर्ज भरावा लागतो. तो चुकला की हक्क बुडालाच म्हणायचा. येथे आणखी एक जमात पुढे येते. हे लोक तीच दप्तरे चाळतात, मालकाचा नवा पत्ता, त्याच्या वारसांची नावे हुडकतात, आणि रकमेतील वाटा कबूल करून घेऊन अर्ज भरून देतात. सरकारी पत्राला न सापडलेला मालक यांना बरोबर सापडतो. कर भरून घेण्याचा सरकारचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. शाळा आणि रस्ते त्यातूनच चालतात. परंतु हा शोध लिलावापूर्वी, सरकारी खर्चाने, मालकासाठी व्हावयास हवा, आणि तो झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय कोणत्याही घराचा पुकारा होता कामा नये.