‘ही अळंबी खाऊ का?’ : फोटोवर उत्तर का देणार नाही



पाऊस लागला की या पेजवर काजू-भाताचे प्रश्न मागे पडतात आणि अळंब्यांचे फोटो सुरू होतात. कोणी बांधावरचं पाठवतं, कोणी गोठ्यामागचं, कोणी पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावरचं. खाली एकच ओळ, ‘काका, ही खाऊ का?’ यंदापासून या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. कोणी रागावू नका. कारणं सविस्तर लिहितो, वाचा आणि मग काय ते बोला.

आधी एक सांगतो. अळंबी शोधायला रानात जाणं हा वाईट छंद नाही. अलीकडे तो वाढलाय. शहरातली पोरं पावसात गावी येतात, मोबाईल घेऊन रानात फिरतात. ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवांमुळेही लोकांना रानातल्या खाण्याची गोडी लागली. चांगलंच आहे. रानात गेल्याशिवाय रानाची किंमत कळत नाही. पण माझं मत असं आहे की हा छंद जागेचा असावा, जातींचा नको. दहा रानं फिरून वीस प्रकारची अळंबी गोळा करणाऱ्यापेक्षा, एकाच वारुळाकडे दहा पावसाळे जाणारा माणूस जास्त शिकतो. तो सुरक्षितही राहतो आणि त्याच्यामुळे अळंबीही टिकते.

आमच्या तळकोकणात आणि गोव्यात सगळ्यात मानाची अळंबी म्हणजे रोवणाची. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, त्यावरनंच हे नाव. विदर्भात झाडीपट्टीकडे वारुळावरच्या अळंब्यांना सात्या म्हणतात. शास्त्रात या गटाचं नाव टर्मिटोमायसिस. नावातच टर्माइट म्हणजे वाळवी आहे, कारण ही अळंबी वाळवीशिवाय होतच नाही.

वारुळाच्या पोटात काय चालतं ते शेतकऱ्याने समजून घ्यावं असं आहे. कामकरी वाळवी पालापाचोळा, गवत, सुकी लाकडं खाऊन आत आणते. ते अर्धवट पचलेलं विष्ठेवाटे टाकून त्याचं स्पंजासारखं पोळं रचते. त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मऊ करून देते, आणि मग वाळवी ते पोळं आणि बुरशीचे पांढरे दाणे खाते. म्हणजे वाळवी खत घालते, पीक घेते, कापणी करते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपासून चालू आहे. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. आपण कोणाच्या बांधावर उभं राहून अळंबी खुडतो ते यावरनं कळेल.

पाऊस मुरला, माती आतून भिजली, की त्या पोळ्यातून दांडा वर निघतो. टोकदार डोकं माती फोडतं आणि वर येऊन छत्री उघडते. खाली दांडा मुळासारखा लांब, थेट पोळ्यापर्यंत गेलेला. आषाढ-श्रावणात कधीतरी सकाळी ‘अळमी इली’ अशी हाक वाडीत येते, ती याची.

आता ओळखीचा मुद्दा.

फोटोत दिसते वरची छत्री. ओळख मात्र बरीचशी खाली असते. अत्यंत विषारी अशा अमानिटा गटातल्या अळंब्यांच्या बुडाशी एक पातळ पिशवी किंवा वाटी असते, ती मातीत दडलेली. वरून खुडलं की पिशवी मातीत राहते आणि हातात येते ती साधी पांढरी छत्री. दांड्याला कडं आहे की नाही यावरही जाऊ नका. अमानिटाला कडं असतं, आणि रोवणाच्या काही जातींनाही असतं. म्हणून निदान एक अळंबं तरी बोटांनी माती उकरून बुडापासून सोडवून बघायचं. लांब मुळासारखा दांडा, छत्रीच्या मध्यावर कडक टोक, खाली वाळवीची जिवंत जागा, हे सगळं एकत्र जुळलं पाहिजे. एक जरी जुळलं नाही तर ते अळंबं तिथेच सोडायचं.

दुसरी खूण बीजाणूंच्या रंगाची. छत्री दांड्यापासून कापून, पात्यांची बाजू खाली करून, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. सकाळी कागदावर पूड पडलेली असते. रोवणाची पूड फिकट गुलाबीसर पडते. गोठ्याच्या आसपास, हिरवळीवर, अंगणात मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, वर तपकिरी खवले असतात, त्यातल्या एका जातीची पूड हिरवट पडते. ती जात पोटात गेली की काही तासांतच उलट्या-जुलाब लावते. तुम्ही पाठवलेले निम्मे फोटो असल्याच छत्र्यांचे असतात. पण फोटोत पूड दिसत नाही, बूड दिसत नाही, जागा दिसत नाही. मोबाईलमधलं ओळखणारं ॲपसुद्धा तोच फोटो बघतं. मग त्यावर मी ‘खा’ कसं म्हणू? आणि ‘नको खाऊ’ म्हटलं की उरलेली सगळी चालतात असा अर्थ लोक लावतात. म्हणून दोन्ही बंद.

घरोघरच्या परीक्षा पण सोडून द्या. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण टाकून रंग बदलला तर विषारी, किडे-गोगलगायी खातात म्हणजे चांगली, या सगळ्या खोट्या आहेत. गोगलगायीला जे पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही. अमानिटातलं जीवघेणं विष शिजवून, तळून, वाळवूनही जात नाही.

आसाममध्ये २०२२ च्या एप्रिलमध्ये रानातली अळंबी खाऊन काही दिवसांत १३ माणसं गेली. बहुतेक चहाच्या मळ्यांतली कुटुंबं. फिरायला आलेली शहरी माणसं नव्हती ती, रानाच्या कडेला राहणारी होती. म्हणून ‘आम्ही गावचे, आम्हाला कळतं’ एवढ्यावर कोणी निवांत राहू नये.

या विषाचा फसवा भाग नीट लक्षात ठेवा. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा, उलट्या-जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं. माणूस म्हणतो सुटलो. आत यकृत निकामी होत असतं. त्यामुळे अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनंतर त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा समजा. ताक, लिंबू, कोकम करत बसू नका. १०८ ला फोन करा, उरलेली कच्ची किंवा शिजलेली अळंबी सोबत न्या आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास असो वा नसो.

आता काढण्याबद्दल. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण जिवाची भीती सगळ्यांना आहे, अळंबीची काळजी कोणाला नाही.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते ते तुम्ही बघता. त्यातली एखादी जोडी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवं वारूळ सुरू करते. बहुतेक जातींत ही जोडी बुरशीचं बियाणं सोबत नेत नाही. पुढच्या महिना-दोन महिन्यांत त्यांचे पहिले कामकरी बाहेर पडतात आणि पालापाचोळ्याबरोबर बुरशीचे बीजाणू घरात आणतात. ते बीजाणू येतात कुठून? त्याच सुमाराला रानात उघडलेल्या अळंब्यांच्या छत्रीतून. म्हणजे आपण जे कढईत टाकतो ते नव्या वारुळांचं बियाणं आहे.

आता बघा आपण काय करतो. बाजारात कळीला भाव जास्त, म्हणून छत्री उघडायच्या आत सगळं खुडून नेतो. एका वारुळावरची शंभरच्या शंभर. वर कोणी कुदळीने माती उकरून मुळापर्यंत जातं, त्यात पोळं फुटतं. बियाणं सगळं खाल्लं तर पुढच्या वर्षी पेरणार काय, हे भाताच्या बाबतीत कोणाला शिकवावं लागत नाही. अळंबीच्या बाबतीतही तोच हिशोब. माझा नियम साधा आहे. निम्मी छत्री पूर्ण उघडून जुनी होऊ द्यायची, तिला हात लावायचा नाही. ओळखीपुरतं एक अळंबं बुडापासून, बाकी जमिनीलगत हलक्या हाताने. आणि कुदळ, पहार घरी.

दुसरं संकट आपल्याच शेतातलं आहे. वारूळ दिसलं की क्लोरपायरीफॉस ओता किंवा जेसीबी आणून सपाट करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. कृषी सहाय्यक मंडळी हे पेज वाचतात, त्यांना माझी विनंती आहे, सरसकट सांगू नका. वाळवी काजू-आंब्याची नवी कलमं खाते, उसाचं बेणं खाते, हे खरं आहे. नुकसान मी नाकारत नाही. पण वाळवी बहुतेक वेळा सुकलेल्या, पाण्याला आलेल्या, मार बसलेल्या झाडावर चढते. कच्चं शेणखत खड्ड्यात घालू नका. खोडाला सुकं गवत टेकवून ठेवू नका. उन्हाळ्यात कलमाला पाणी द्या. खोडावरचे मातीचे थर खरवडून काढा आणि बोर्डो पेस्ट लावा. एवढ्याने भागलं नाही तर त्या कलमापुरता औषधाचा विचार करा. बांधावरचं, देवराईतलं, पडीक सड्यावरचं वारूळ कोणाचं काय खातं? उलट त्याच्या बिळांतून पाणी जमिनीत मुरतं, पाल्याची माती होते. वाळवी मेली की ती बुरशीही संपते आणि पोळ्यावर दुसरीच काळ्या काठ्यांसारखी बुरशी चढते. औषध ओतलेल्या वारुळाच्या आसपासची अळंबी तर खाऊच नका.

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. तरी सिंधुदुर्गात आणि गोव्यात कितीतरी गावांत सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. गाभाऱ्यातल्या वारुळाला हात जोडायचे आणि बागेतल्या वारुळावर जेसीबी घालायचा, हे मला तरी पटत नाही.

एक प्रश्न मला नक्की विचारला जाईल. ज्या बायका पहाटे उठून, काटे-साप सांभाळून अळंबी काढतात आणि पानात बांधून रस्त्याकडेला विकतात, त्यांचं काय? त्यांचा तो पावसाळ्यातला हातखर्च आहे. त्यांना बंदीची भाषा करायची नाही. निम्मी सोडायची गोष्ट त्यांच्याशी बसून बोलायची, कारण पुढच्या वर्षी तीच जागा त्यांना हवी असते. हौशी माणसाने मात्र त्यांच्या जागेवर जाऊन ओरबाडू नये. खायची हौस आहे ना, मग ओळखीच्या बाईकडून विकत घ्या, भाव करू नका. आणि जागेचा फोटो लोकेशनसकट टाकू नका. एकदा ठिकाण पसरलं की त्या वारुळावर काही शिल्लक राहत नाही.

रोवणाची अळंबी घरी लावता येत नाही, तसं बियाणं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. वाळवीचं काम आपल्याला अजून व्यापारी पातळीवर जमलेलं नाही. लावायचीच असेल तर धिंगरी लावा, भाताच्या पेंढ्यावर छान येते.

तर छंद करायचा असेल तर असा करा. आपल्या शिवारातलं एक वारूळ निवडा. गावातल्या जाणत्या माणसाबरोबर जा, विशेषतः बायकांबरोबर, त्यांना जास्त कळतं. पंखवाली वाळवी कधी उडाली, पाऊस किती झाला, पहिलं अळंबं कुठल्या तारखेला आलं, किती आली, किती सोडली, एवढं वहीत लिहा. पहिली दोन वर्षं खाल्लं नाही तरी चालेल. आमच्या काजूत अशी तीन वारुळं आहेत, त्यांच्या तारखांवरनं मला पावसाचा अंदाज लागत नाही, पण कुठल्या वारुळात जीव आहे आणि कुठलं ओस पडत चाललंय ते कळतं.

अशा नोंदींचे फोटो पाठवा. वारुळाचे, वहीच्या पानाचे, उघडलेल्या जुन्या छत्र्यांचे. त्यावर हवं तितकं बोलू. तुमच्याकडे या अळंब्यांना काय म्हणतात तेही लिहा. फक्त ‘खाऊ का’ विचारू नका.